तंजावरचा मेळ : दरबार, देऊळ आणि रस्ता

श्रींच्या मिरवणुकीला पुण्याकडचे ढोलताशा पथक आणावे की इथलाच नागस्वरम्-तविलचा मेळ सांगावा, हा विषय आपल्या बैठकीत दरवर्षी निघतो. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न नवा वाटतो, पण तामिळ मुलुखात मराठी माणसापुढे तो फार पूर्वीच उभा राहिला होता.

एग्मोरहून मेन लाइनने सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर तंजावर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तेथे राज्य स्थापले, ते १८५५ पर्यंत चालले. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगू व मराठी नाटके लिहिली. तुळजाराजे (१७२८-१७३६) यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकर्ते मराठी, देवळात तमिळ, गाण्यात तेलुगू, शास्त्रात संस्कृत, आणि यात कोणाला काही वावगे वाटले नाही!

दुसरे सरफोजी राजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला आणि राजाकडे किल्ला, परिसर व तनखा राहिला. लढाया करायच्या नव्हत्या. मग त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले आणि विलायती वाद्ये मागवून राजवाड्याचा बँड उभा केला. या बँडसाठी पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेल्या स्वरलिपीची हस्तलिखिते ग्रंथालयात जपलेली आहेत. आपल्याकडचे वाजवणारे कानाने शिकत, कागद समोर ठेवून वाजवणे त्यांना नवीन होते.

चेन्नईतही तेच घडत होते. मणली म्हटले की आपल्याला रिफायनरी आठवते, पण मुत्तुस्वामी दीक्षितरांचे कुटुंब तेथेच एका श्रीमंत आश्रयदात्याकडे राहत होते. किल्ल्यातल्या कंपनीच्या बँडच्या चाली ऐकून दीक्षितरांनी त्यांवर संस्कृत रचना बांधल्या, त्यांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. त्यांचे धाकटे बंधू बालुस्वामी व्हायोलिन शिकले.

तंजावरात वादकांचे दोन मेळ होते. पेरियमेळम् म्हणजे मोठा मेळ, नागस्वरम् आणि तविलचा. तो देवळात, लग्नात आणि पालखीपुढे वाजे. चिन्नमेळम् म्हणजे धाकटा मेळ, नाचाच्या साथीचा. नागस्वरम्-तविल घेऊनच गावजत्रेत करगाट्टम्पुढे वाजवणारा नैयांडी मेळम् वेगळा. वाद्ये तीच, पण ताल आणि अंगविक्षेप मोकळे. शास्त्रीय आणि लोकसंगीत यांच्यात भिंत आहे असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावे.

चिन्नमेळम्मध्ये पूर्वी मुखवीणा हे लहान सुषिरवाद्य असे. एकोणिसाव्या शतकात तिच्या जागी बँडमधली क्लॅरिनेट आली. नागस्वरम्चा आवाज उघड्या रस्त्याचा, बंद दालनात क्लॅरिनेट बरी. मात्र तिला चाव्या असतात, त्यामुळे गमक काढायला वादकाला ओठ आणि बोटे नव्याने घडवावी लागली. आमच्या खात्यात एकाच स्लीपरवर तिसरा रूळ टाकून दोन गेजच्या गाड्या नेता येतात, त्यातलाच हा प्रकार!

या मेळातले चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चौघे बंधू दीक्षितरांचे शिष्य. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा आजचा भरतनाट्यम्चा क्रम त्यांनी बसवला. खुद्द सरफोजी राजांनी नृत्यासाठी मराठीत साहित्य लिहिले, एकाच कथेवर नाचाचे सगळे जिन्नस गुंफून. वडिवेलु पुढे त्रावणकोरला गेले. तेथे स्वातितिरुनाळ महाराजांनी त्यांना १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले.

आपण मराठी मंडळी याचे श्रेय राजांना देऊन मोकळे होतो. मला ते पुरते पटत नाही. राजाने आश्रय दिला हे खरे, पण विद्या सांभाळली ती नट्टुवनार घराण्यांनी आणि नाचणाऱ्या देवदासी स्त्रियांनी. १८५५ मध्ये राज्य संपले, कलावंत पांगले. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद झाली. त्या आधीच चौघा बंधूंच्या वंशातले पंदनल्लूर मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांनी रुक्मिणीदेवींना शिकवले होते. त्यांनी १९३६ मध्ये काढलेले कलाक्षेत्र आपल्याच चेन्नईत आहे. क्लॅरिनेटला विसाव्या शतकात ए. के. सी. नटराजन यांनी कर्नाटक मैफलीत मानाने बसवले.

राज्य गेल्यावरही मराठीची भर थांबली नाही. १८६४ साली मोरगावचे रामचंद्रबुवा चातुर्मासासाठी तंजावरला आले. अष्टविनायकांतल्या पहिल्या गणपतीच्या गावचे हे कीर्तनकार! त्यांची कीर्तने तिथल्या लोकांनी मन लावून ऐकली. त्यातून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्यांच्या साथीला मृदंगावर नारायणस्वामी अप्पा हे मराठी वादक असत. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आणि हातातल्या चिपळ्या हरिकथेत शिरल्या, आणि तमिळ भागवतर आजही कथेच्या मध्येच साकी आणि दिंडी म्हणतात, मराठी नावांनीच.