आजीच्या रांगोळीतला वाटा

मानसरोवर किंवा खांदेश्वरहून आईवडील सकाळची लोकल पकडतात आणि कामोठ्यातल्या कितीतरी फ्लॅटांत नातवंडाची रंगपेटी आजी-आजोबांच्या हवाली होते. आजी-आजोबा करतात ते चित्रांचे कौतुक आजकालचा लाड म्हणून हसण्यावारी नेले जाते. पण मराठी घरात पोरांचा हात वळवण्याचे काम चित्रकलेची वही येण्याआधीपासून आजीकडेच होते, आणि ते ती कौतुकापेक्षा कामात वाटा देऊन करी. सारवलेल्या अंगणात रांगोळी पडू लागली की पोरीला आधी रंग भरायला मिळत, मग ठिपके जोडायला, मग एखादा कोपरा तिचा तिला. ठिपके सारख्या अंतरावर पडावेत म्हणून जाड कागदाला पेटत्या उदबत्तीने भोके पाडून ठेवलेली असत. कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की ओळी तयार. खरी कसोटी चिमटीची. अंगठा आणि तर्जनीतून शिरगोळ्याची पूड एकसारखी सुटली तरच रेघ बारीक उतरते, आणि ते सांगून येत नाही, शेजारी बसूनच येते. चुकले तर फडक्याने पुसायचे. बरोबर आले तरी दुसऱ्या दिवशी सड्याबरोबर सगळे जायचेच. चित्र टिकणारच नसल्याने ते पोराच्या हाती द्यायला आजी कचरत नसे.

यावर कुणी म्हणेल, ही तर नक्कल. चैत्रांगण, नागपंचमीला पाटावर काढलेले गंधाचे नाग, दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांतून उभी केलेली सरस्वती, सगळे ठरलेलेच. खरे आहे. पण मुंबईत 1857 साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली 1872 ते 1885 या काळात अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृतीच करत होते, आणि त्यांना चित्रकला आली नाही असे कुणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: हे शिक्षण मुख्यतः मुलींचे होते, आणि तेही उद्या सासरी उपयोगी पडावे म्हणून. दसऱ्याची पाटी मुलग्यांच्याही हातात असे, एवढ्याने त्याची भरपाई होत नाही. मात्र रूढीने आखलेली हद्द हाताने ओलांडल्याचे उदाहरण जवळच, डहाणू भागात आहे. वारली लग्नातला चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा. चित्रकार जिव्या सोमा म्हसे (जन्म 1934) यांनी तीच रेघ विधीबाहेर आणली, रोज काढली, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या त्या रेघेत एका पुरुषाला आयुष्यभर पुरेल एवढा ऐवज होता.

कामोठ्यात मोडले ते अंगण. 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली, पनवेल तालुक्यातल्या आगरी गावांची भातशेती संपादनात गेली, आणि गावठाणाभोवती सेक्टर उभे राहिले. फ्लॅटच्या दारापुढची जागा सोसायटीची. तिथे बहुतेकदा रांगोळीचा स्टिकर चिकटतो, जो ना पुसता येतो ना कुणाला भरायला देता येतो. चित्रकला क्लासमध्ये गेली. तिथून पुढे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा, आणि मग दहावीचे वाढीव गुण. आजोबांकडे उरले नेणे-आणणे आणि टाळ्या वाजवणे. क्लासमधले शिक्षक छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन शिकवतात, ते आजीला येत नाही, हे कबूल. वस्तुचित्रात तिची मदत नाहीच. पण याच परीक्षांत संकल्पचित्राचाही पेपर असतो: दिलेला आकार नक्षीने असा भरायचा की कुठे गर्दी होऊ नये, कुठे ओकेबोके दिसू नये, आणि रंगांचा तोल राहावा. जन्मभर उंबऱ्याबाहेर ठिपके मांडत आलेल्या बाईला त्या कागदाबद्दल शाबासकीपलीकडे बरेच सांगता येईल, फक्त तिला कुणी विचारत नाही.