अद्भुताचा जमाखर्च

गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या भाचीला मी एक गोष्ट सांगत होतों. गोष्ट अर्थात् आयत्या वेळीं रचलेली. तींत एक राजपुत्र होता, त्याचा उडणारा घोडा होता, वाटेंत दुथडी भरून वाहणारी नदी होती, आणि राजपुत्रानें मोठ्या शर्थीनें पोहून ती नदी पार केली. मुलगी आठ वर्षांची. ती शांतपणें म्हणाली, "मामा, घोडा उडत होता ना? मग राजपुत्र पोहला कशाला?" घोड्याचा पंख दुखावला होता, अशी कांहीं तरी मखलाशी मीं केली, पण तिचें लक्ष गोष्टींतून उडालें तें उडालेंच.

घोडा उडतो याविषयीं तिची मुळींच तक्रार नव्हती, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. घोड्याला पंख द्या, हवे तर दोन्ही बाजूंना चार चार द्या. पण एकदां दिलेले पंख सांगणारानें स्वतःच विसरूं नयेत, एवढीच तिची अट. अद्भुतकथा लिहिणाराची सारी विवंचना या एका अटींत सांठविलेली आहे, असें मला वाटतें.

आपल्याकडे अद्भुताला मोठा मान होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणल्या. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं निघाली. पुढें हरिभाऊ आपट्यांनीं माजघरांतलीं मुकीं दुःखें कादंबरींत आणलीं, आणि सुशिक्षितांची आवड पालटली. तें योग्यच झालें. परंतु त्याबरोबर एक समजूतहि रूढ झाली: वास्तव लिहिणारानें डोळे उघडे ठेवून कष्ट करावयाचे, अद्भुत लिहिणारानें डोळे मिटले कीं त्याचें काम भागलें. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाचें लेखन कसें चाललें होतें तें पाहावें.

जॉन रोनाल्ड टॉल्किन याचा जन्म १८९२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत झाला. चौथ्या वर्षीं बाप गेला, बाराव्या वर्षीं आई गेली. १९१६ सालीं सोमच्या लढाईंत तो खंदकांत होता. खंदकज्वरानें आजारी पडून मायदेशीं परतला म्हणून वांचला. त्याच्या शाळेंतल्या जिवलग मित्रांपैकीं दोघे त्याच वर्षीं मारले गेले. आजारपणाच्या त्या दिवसांत त्यानें एका कल्पित प्राचीन जगाचीं पुराणें रचावयास घेतलीं. 'सिल्मरिलियन' या नांवानें पुढें ओळखला गेलेला ग्रंथ तो हाच. तो त्यानें जन्मभर लिहिला. त्याच्याकडे शेवटीं पुन्हां यावें लागेल.

व्यवसायानें तो शब्दांचा पंडित. युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी कोशाच्या कचेरींत 'डब्ल्यू' या अक्षरानें सुरू होणाऱ्या शब्दांच्या व्युत्पत्त्या त्यानें लाविल्या. १९२५ सालीं तो ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक झाला. घरांत चार मुलें, तेव्हां उन्हाळ्याच्या सुटींत शाळांच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासून चार पैसे जोडावयाचे हा नेम. अशाच एका उत्तरपत्रिकेंत एका मुलानें एक पान कोरें सोडलें होतें. परीक्षकाला यापरतें सुख कोणतें? त्या कोऱ्या पानावर टॉल्किननें, कां कोण जाणे, जमिनींत बीळ करून राहणाऱ्या 'हॉबिट' नांवाच्या कोणा प्राण्याविषयीं एक वाक्य खरडलें. हा शब्द कोठून आला हें त्या व्युत्पत्तिशास्त्र्यालाहि सांगतां येत नव्हतें! त्या वाक्याचें पुस्तक झालें. प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यानें हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचावयास दिलें व अभिप्रायाबद्दल एक शिलिंग दिला. अभिप्राय अनुकूल पडला, आणि २१ सप्टेंबर १९३७ रोजीं 'द हॉबिट' प्रसिद्ध झालें. मुलांनीं तें उचलून धरलें. प्रकाशकानें दुसरा भाग मागितला. डिसेंबरांत टॉल्किननें तो लिहावयास आरंभ केला. हा दुसरा भाग, म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', वाचकांच्या हातीं पडावयास १९५४ साल उजाडलें.

मधल्या काळांत, ८ मार्च १९३९ रोजीं, स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज येथें त्यानें परीकथांवर एक व्याख्यान दिलें. त्यांतला एक दृष्टांत मार्मिक आहे. हिरवा सूर्य असें म्हणावयास कांहीं लागत नाहीं. भाषेला विशेषणें आहेत, कोणीहि म्हणावें. परंतु ज्या जगांत सूर्य हिरवाच असावा असें वाचकाला निःशंकपणें वाटेल तें जग उभें करणें, याला श्रम लागतात, विचार लागतो, आणि एक दुर्मिळ कसब लागतें. माझ्या भाचीनें हें व्याख्यान वाचलें नव्हतें, पण दोघांचें म्हणणें एकच.

हे श्रम म्हणजे काय, तें त्याच्या कागदांवरून दिसतें. प्रथम नकाशा. नकाशा आधीं काढावा आणि कथा त्यांत बसवावी, उलट करूं गेल्यास घोटाळे होतात, असें त्याचें मत होतें. मग मैलांचे हिशेब: सपाटीवर पायीं जाणारा दिवसाकाठीं किती चालेल, डोंगरांत किती, खांद्यावर ओझें असतां किती. मग तारखांचीं कोष्टकें: अमुक दिवशीं ही टोळी येथें, ती तेथें. कथा मध्यावर येते तेव्हां तींतलीं माणसें तीन दिशांना पांगलेलीं असतात, आणि प्रत्येकाची हकीकत स्वतंत्र चालते. एखाद्या जहागिरीच्या कारकुनानें ठेवावें तसें हें दप्तर आहे.

१९४४ च्या मे महिन्यांतली गोष्ट. त्याचा तिसरा मुलगा क्रिस्टोफर वायुदलाच्या शिक्षणासाठीं दक्षिण आफ्रिकेंत होता. मुलगा युद्धावर जाणार, आणि बाप स्वतः सोमहून परतलेला. त्याच्या मनाची स्थिति काय असेल तें सांगावयास नको. तो एकेक प्रकरण लिही आणि मुलाला समुद्रापार पाठवून देई. अशांत एके दिवशीं त्याच्या ध्यानांत आलें कीं आपल्या कथेंतला चंद्र भलतेंच करीत आहे. एका प्रांतांत तो उगवतो आहे, आणि त्याच वेळीं दुसऱ्या प्रांतांत मावळतो आहे! हें कोणा वाचकाला दिसलें असतें? हजारांत एकाला कदाचित्. तरीहि त्यानें मागचीं प्रकरणें बाहेर काढलीं आणि सबंध दुपार चंद्र ठिकाणावर आणण्यांत घालविली. हें त्यानें मुलाला पत्रानें कळविलें. ज्या पत्रांत काळजीशिवाय दुसरें कांहीं लिहिणें कठीण, त्यांत चंद्राच्या या तक्रारीला जागा मिळाली, याचें मला नवल वाटत नाहीं. रचलेल्या जगांतली चूक निदान माणसाच्या हातानें सुधारतां येते.

मात्र एवढ्यावरून सारें आधींच ठरलेलें होतें, असा कोणी ग्रह करून घेऊं नये. कथा कोठें जाणार याचा त्याला प्रारंभीं पत्ता नव्हता. नायकाचें नांव पहिल्यानें बिंगो होतें. सरायीच्या कोपऱ्यांत बसलेला जो रहस्यमय वाटाड्या पुढें राजा ठरतो, तो पहिल्या मसुद्यांत लांकडी जोडे घालणारा एक हॉबिट होता. तो कोण हें लेखकालाहि ठाऊक नव्हतें. मोरिया नांवाच्या भुयारांत मंडळी शिरली, आणि तेथेंच कथा बराच काळ अडून बसली.

सर्वांत मोठी अडचण छापलेल्या पुस्तकाचीच झाली. १९३७ च्या 'हॉबिट'मध्यें गॉलम हा भुयारांत राहणारा प्राणी कोड्यांची पैज हरतो, बक्षीस म्हणून आपली जादूची अंगठी द्यावयास राजीखुशीनें निघतो, ती सांपडत नाहीं म्हणून चक्क क्षमा मागतो आणि पाहुण्याला वाट दाखवितो. नव्या कथेंत मात्र ही अंगठी अशी कीं ती जवळ असलेला माणूस प्राण गेला तरी तिला सोडीत नाहीं. आतां काय करावें? त्यानें तें जुनें प्रकरण पुन्हां लिहून नमुन्यादाखल प्रकाशकाकडे धाडलें. प्रकाशकानें तें नव्या आवृत्तींत घालूनहि टाकलें, आणि मुद्रितें हातीं आलीं तेव्हां लेखकच चकित झाला. ती आवृत्ति १९५१ सालीं निघाली. पण ज्यांच्या घरीं जुनी प्रत होती त्यांचें समाधान कसें व्हावें? येथें त्यानें जी तोड काढली ती मला फार आवडते. जुनी हकीकत म्हणजे अंगठी आपल्या हक्काची ठरावी म्हणून नायक बिल्बोनें मारलेली थाप, असें त्यानें ठरविलें. आणि एरवींच्या भल्या माणसानें थाप मारावी हीच त्या अंगठीच्या दुष्ट प्रभावाची पहिली खूण ठरली. लेखकाची चूक पात्राच्या नांवें टाकली आणि खातें जुळलें.

हें सर्व कोणत्या परिस्थितींत? युद्धाच्या दिवसांत कागदाची टंचाई. म्हणून विद्यार्थ्यांच्या परीक्षेच्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर आधीं पेन्सिलीनें लिहावयाचें आणि मग त्यावरच शाईनें गिरवावयाचें. पुस्तक झालें हजाराहून अधिक पानांचें. तें धंदेवाईक टंकलेखकाकडे देणें परवडेना, म्हणून सबंध स्वतः टंकलें, आणि कांहीं भाग दोन दोनदां. दिवसां शिकवणें, समित्या, उत्तरपत्रिका, लेखन रात्रीं. एके सकाळीं तो जागा झाला तों एक लहानशी कथा मनांत तयार होती. तिचें नांव 'लीफ बाय निगल'. १९४५ च्या जानेवारींत ती एका त्रैमासिकांत छापली गेली. निगल हा चित्रकार एक मोठें झाड रंगवीत असतो. पण एकेका पानावर इतका रमतो कीं झाड पुरें होत नाहीं. शेजारी कामें सांगतो, लोक येतात जातात, आणि एक दिवस न टळणाऱ्या प्रवासाचें बोलावणें येतें. हा निगल कोण हें सांगावयास टीकाकार नको.

१९४९ सालीं लेखन पुरें झालें. पुढची तीन वर्षें मात्र त्यानें हातानें घालविलीं, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. 'सिल्मरिलियन'हि बरोबरच छापा असा हट्ट त्यानें धरला. अन्विन तयार होईना, म्हणून दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला. तो पुस्तक कापा म्हणूं लागला. १९५२ सालीं हट्ट सोडून तो परत आला, तो रेनर अन्विनकडे. एक शिलिंग घेऊन अभिप्राय देणारा तो मुलगा आतां बापाच्या कचेरींत काम पाहत होता. त्यानें हिशेब केला: हजार पौंडांपर्यंत बूड येईल. तें त्यानें परदेशीं असलेल्या बापाला कळविलें. पुस्तक असामान्य आहे अशी तुझी खात्री असेल तर हजार पौंड बुडाले तरी चालतील, असें बापाचें उत्तर आलें. तीन भाग, प्रत्येकाची किंमत एकवीस शिलिंग. खर्च निघाल्यावर नफा निम्मा निम्मा. पहिले दोन भाग १९५४ सालीं निघाले. तिसरा परिशिष्टांपायीं रखडून १९५५ च्या ऑक्टोबरांत आला. त्याआधीं मुद्रितांत जुळाऱ्यांनीं बुटक्यांच्या नांवाचें अनेकवचन व्याकरणाप्रमाणें 'सुधारलें' होतें. प्राध्यापकानें तें सगळें पुन्हां आपल्या रीतीप्रमाणें करून घेतलें. हजार पौंड बुडाले नाहींत हें सांगावयास नकोच.

परंतु ज्या हिशेबी वृत्तीनें हें पुस्तक उभें केलें, तिनेंच पुढें त्याच्या आवडत्या ग्रंथाची वाट अडविली. 'सिल्मरिलियन'मध्यें आरंभीं पृथ्वी सपाट आहे. जगाला उजेड देणारे दोन दिव्य वृक्ष आहेत. ते मरतांना एकाला शेवटचें रुपेरी फूल येतें, दुसऱ्याला शेवटचें सोनेरी फळ. फुलाचा चंद्र होतो आणि फळाचा सूर्य. तरुणपणीं रचलेली ही कल्पना १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याला खटकूं लागली. देवांजवळ शिकलेल्या ज्ञानी एल्फांना खगोल ठाऊक नसेल काय? त्यांनीं असें पुराण खरें कसें मानावें? पृथ्वी पहिल्यापासून गोल, सूर्य पहिल्यापासून आकाशांत, अशी त्यानें नवी मांडणी करून पाहिली. पण सूर्य आधींच आला कीं वृक्षांचें महत्त्व संपतें, वृक्षांवांचून रत्नांची कथा पोकळ पडते, आणि रत्नें गेलीं कीं ग्रंथ उरत नाहीं. मसुद्यांमागून मसुदे पडत राहिले. भाचीच्या प्रश्नाला उत्तर देतां देतां घोड्याचे पंखच कापावे लागावे, तसें हें झालें. माझें स्वतःचें मत असें कीं त्यानें तें फूल आणि तें फळ होतें तेथेंच राहूं द्यावयास हवें होतें. पण दुपारभर चंद्राची वाट सुधारणाऱ्या माणसाला हें कोणीं सांगावें?

२ सप्टेंबर १९७३ रोजीं तो वारला. पेट्या भरभरून कागद मागें राहिले. ज्याला १९४४ सालीं तें चंद्राचें पत्र आलें होतें त्या क्रिस्टोफरनें ते लावावयास घेतले. १९७७ सालीं 'सिल्मरिलियन' प्रसिद्ध झालें तेव्हां त्यांत सूर्य जुन्या सोनेरी फळाचा होता आणि चंद्र जुन्या रुपेरी फुलाचा.