लगतच्या लहान खोल्यांची फरशी

जुन्या घराच्या नूतनीकरणात एकमेकींत उघडणाऱ्या लहान खोल्यांसाठी (हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली, बोळ, न्हाणीघर) टाइल निवडण्याची व तिची मांडणी ठरवण्याची रीत. मुंबई-कोकणात जिला लादी म्हणतात ती देशावर फरशी. दुकानात गेले की दोघींची टाइल होते. एकट्या प्रशस्त दालनाची टाइल निवडणे हे बव्हंशी आवडीचे काम आहे. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या दोन-तीन खोल्या एकीला एक लागून आल्या की आवडीइतकाच मापांचा आणि दारांचा विचार करावा लागतो.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत पायाखाली बहुधा शहाबादी, कोटा किंवा मोझॅक सापडते. शहाबादी आणि कोटा हे चुनखडक असून ते अनुक्रमे कर्नाटकातून व राजस्थानातून येतात. मोझॅकमध्ये सिमेंटात संगमरवराची खडी बसवलेली असते आणि फरशी घातल्यावर जागेवरच मशिनने घासून पॉलिश करतात. भारतीय मानक १२३७ मध्ये तिची नेहमीची मापे २००, २५० आणि ३०० मिमी. अशी आहेत. माप लहान आणि घासाईने सांधे मिटलेले, म्हणून लहान खोल्यांत ती सहज सामावली. तिचे तुकडे हलत नसतील आणि ठोकल्यावर पोकळ आवाज येत नसेल, तर उखडण्याआधी एखादा कोपरा घासून पाहावा. पुष्कळदा तिथेच खर्च वाचतो.

नव्या टाइलांचा मोठा पुरवठा गुजरातमधील मोरबीहून होतो. घरातल्या कोरड्या खोल्यांना सहसा व्हिट्रिफाइड टाइल घेतात. ती ०.५ टक्क्यापर्यंतच पाणी शोषते. भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून अधिक शोषते आणि ताकदीनेही कमी असते. रंग जुळला म्हणून भिंतीची टाइल जमिनीवर घालू नये.

खरी अडचण मापाची असते. ‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जाणारी टाइल ६०० मिमी. ची असते, तर दोन फूट म्हणजे सुमारे ६१० मिमी. दहा फूट रुंदीच्या खोलीत अशा पाच टाइला बरोबर बसतील असे वाटते. प्रत्यक्षात २ मिमी. चे सांधे धरूनही एका भिंतीशी जेमतेम ४० मिमी. ची पट्टी उरते. अशी पट्टी कापताना तुटते आणि भिंत किती वाकडी आहे हेही उघडे पाडते. यावर गवंड्यांचा उपाय असा, की मधे चारच पूर्ण टाइला घ्यायच्या आणि दोन्ही कडांना सुमारे ३२० मिमी. चे तुकडे लावायचे. कडेचा तुकडा अर्ध्या टाइलहून लहान नसावा, हा त्यातला नियम. ३ फुटी बोळात ६०० मिमी. ची टाइल दीड बसते व शोभते, ८०० मिमी. ची घेतली तर बाजूला चार इंचांची चिंधी उरते. दुकानातल्या दिव्यांखाली चार फुटी लांबट टाइल भुरळ घालते, पण तिच्यासाठी निदान एक तरी लांब, अखंड भिंत असलेली खोली हवी.

प्रत्येक खोलीत अशी मधोमध मांडणी केली की दारात सांधे चुकतात. लगतच्या खोल्यांना एकच टाइल अखंड नेली, मधला उंबरठा काढला, तर घर मोठे भासते. मात्र सांध्याची रेघ एकाच दोरीने सगळ्या खोल्यांतून जायला हवी. जुन्या भिंती गुण्यात (काटकोनात) नसतात. म्हणून दोरी भिंतीवरून न धरता मुख्य दारातून जी रेघ दिसते तिच्यावर धरावी आणि वेडेवाकडे तुकडे ओट्याखाली, कपाटामागे, पलंगाखाली ढकलावेत. ही मांडणी टाइल घेण्याआधी कागदावर काढावी. खोलीगणिक वेगळी टाइल ही लहान घरातली सर्वांत मोठी चूक होय. बदल करायचाच असेल तर दोन टाइलांची सीमा बंद दाराच्या फळीखाली यावी, म्हणजे कोणत्याही खोलीतून दुसरीचा रंग दिसत नाही.

जुन्या फरशीवरच चिकटद्रव्याने नवी टाइल लावल्यास जमीन साधारण १२ ते १५ मिमी. उचलली जाते. दारे खालून कापावी लागतात, हे बहुतेकांना काम झाल्यावर कळते. एकाच खोलीत असे केले तर शेजारच्या खोलीच्या दारात ठेच लागणारी पायरी तयार होते.

न्हाणीघर या अखंडतेला अपवाद आहे. तिथली जमीन बाहेरच्यापेक्षा खाली हवी आणि दारात ग्रॅनाइटची पट्टी असावी. ढाळ १:८० धरला तर चार फुटांत १५ मिमी. उतार येतो. तो चारही बाजूंनी जाळीकडे वळवायचा, तर ३०० मिमी. ची लहान टाइलच सोयीची पडते. मोठी टाइल वळत नाही, कापावीच लागते. घसरण मोजण्याच्या जर्मन पद्धतीतील ‘आर ९’ ते ‘आर १३’ या श्रेणी बूट घालून, तेलकट उतारावर काढलेल्या असतात. अनवाणी, ओल्या पायांसाठी ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा वेगळ्या श्रेणी आहेत. दुकानदार सहसा पहिलीच सांगतो. न्हाणीघराची जुनी फरशी उखडायची असेल तर वॉटरप्रूफिंगही नव्याने करावे, नाही तर खालच्या मजल्याच्या छतावर ओल उतरते.

रंगाबद्दल थोडक्यात : फिकट व मॅट टाइल लहान खोलीला मानवते, सांध्यातला ग्राउट टाइलच्याच छटेचा, किंचित गडद घ्यावा. नमुन्याची टाइल घरी आणून संध्याकाळच्या उजेडात पाहावी.

दोन बाय दोनच्या पेटीत साधारणतः चार टाइला असतात. हिशेबात ती १६ चौ. फुटांची धरली जाते, भरते मात्र १५.५ चौ. फूट. लहान खोल्यांत काटछाट जास्त, म्हणून मोजमापावर १० टक्के वाढ धरावी. सर्व पेट्यांवरील बॅच आणि छटेचा क्रमांक एकच आहे ना, हे माल उतरवतानाच तपासावे व एक पेटी माळ्यावर राखून ठेवावी. दोन-चार वर्षांनी एखादी टाइल फुटली, तर त्याच छटेची दुसरी बाजारात क्वचितच मिळते.