साओ टोमे कोको प्रकरण

साओ टोमे कोको प्रकरण : पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील गिनीच्या आखातातील साओ टोमे व प्रिन्सिपे या पोर्तुगीज वसाहतीत कोकोच्या मळ्यांवर राबविल्या जाणाऱ्या मजुरांसंबंधीचे, १९०१–०९ या काळात ब्रिटनमध्ये गाजलेले प्रकरण. कारखानदार स्वतःच्या कामगारांशी न्यायाने वागत असला, तरी त्याचा कच्चा माल पिकविणाऱ्यांच्या दास्याला तो कितपत जबाबदार ठरतो, हा प्रश्न या प्रकरणाने न्यायालयापुढे उघडपणे आणला. गुलामांनी पिकविलेली साखर न वापरण्याची चळवळ ब्रिटनमध्ये १७९१ मध्येच झाली होती. परंतु ती गिऱ्हाइकांची चळवळ होती. येथे दोषारोप झाला तो खरेदीदार उद्योगसंस्थेवर.

पोर्तुगालने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी १८७० ते १८८० च्या दरम्यान कायद्याने संपुष्टात आणली. त्याच सुमारास साओ टोमेतील कोकोची लागवड झपाट्याने वाढत होती आणि तेथील मुक्त झालेले लोक मळ्यांवर काम करण्यास राजी नव्हते. ही उणीव अँगोलातून आणलेल्या मजुरांनी भरून काढण्यात आली. कागदोपत्री हे मजूर पाच वर्षांच्या कराराने बांधलेले नोकर होते. प्रत्यक्षात दलाल त्यांना अँगोलाच्या अंतर्भागात विकत घेत किंवा कर्ज, दंड अथवा टोळीयुद्ध यांच्या निमित्ताने मिळवीत व शेकडो किमी. पायी चालवीत किनाऱ्यावर आणीत. वाटेवरील झाडांवर अडकविलेल्या लाकडी खोड्या प्रवाशांना जागोजाग दिसत. बेंगेला किंवा नोव्हो रेदोंदो येथे सरकारी अधिकाऱ्यासमोर त्यांना उभे करण्यात येई, करारास त्यांची संमती असल्याची नोंद होई आणि गळ्यात क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला व कराराचा कागद घातलेली नळी अडकवून त्यांची जहाजावर रवानगी होई. गुलामाचे कंत्राटी नोकरात रूपांतर होण्यास एवढा विधी पुरेसा होता. मुदत संपल्यावर करार आपोआप नवा केला जाई. मायदेशी परत पाठविण्याची तरतूद कायद्यात होती आणि १९०३ च्या नियमांनी त्यासाठी वेतनातून रक्कम राखून ठेवण्याची व्यवस्थाही केली. परंतु १९०८ पूर्वी अँगोलात परत गेलेला मजूर जवळजवळ आढळत नाही. सर्व कायदे कागदावर निर्दोष असताना माणूस मात्र परत येत नाही, हीच या पद्धतीची खरी ओळख होय.

या कोकोचा एक मोठा खरेदीदार म्हणजे बर्मिंगहॅमची कॅडबरी बंधू ही कंपनी. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कॅडबरी कुटुंबाने बोर्नव्हिल येथे कामगारांसाठी बागा असलेली घरे, शाळा व क्रीडांगणे उभारली होती आणि गुलामगिरीविरोधी कार्यालाही त्यांचे साहाय्य असे. कंपनीला लागणाऱ्या कोकोपैकी जवळजवळ निम्मा त्या वेळी साओ टोमेहून येई. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरी (१८६७–१९५७) यांच्या कानांवर तेथील गुलामीची वार्ता आली. त्यानंतर लवकरच तेथील एका मळ्याच्या विक्रीचे पत्रक कंपनीकडे आले. त्यात मालमत्तेच्या यादीत २०० काळे मजूर ३,५५५ पौंड किंमतीचे म्हणून दाखविले होते. ज्या माणसांशी करार असतो त्यांची किंमत मालमत्तेत धरली जात नाही. तेव्हा या एका ओळीतच सर्व प्रकरणाचा उलगडा होता.

विल्यम कॅडबरी १९०३ मध्ये लिस्बनला गेले. नव्या नियमांमुळे सुधारणा होईल, तोवर थांबावे, असा सल्ला त्यांना मिळाला. मळेवाल्यांनी तर स्वतः चौकशी करण्याचे आव्हानच दिले. त्यावरून कॅडबरी, फ्राय व राउंट्री या तीन ब्रिटिश कंपन्या आणि कोलोनची स्टोलव्हेर्क कंपनी यांनी मिळून जोसेफ बर्ट यांस चौकशीसाठी पाठविले. बर्ट यांनी आधी पोर्तुगीज भाषा शिकून घेतली, १९०५ मध्ये ते साओ टोमेस पोहोचले आणि अँगोला पाहून १९०७ मध्ये परतले. दरम्यान हेन्री नेव्हिन्सन (१८५६–१९४१) या पत्रकाराने तोच मार्ग कितीतरी कमी वेळात पायाखाली घातला. त्यांचे लेख हार्पर्स या अमेरिकन मासिकात आले आणि १९०६ मध्ये ए मॉडर्न स्लेव्हरी या नावाने ग्रंथरूप झाले. बर्ट यांच्या अहवालाचा निष्कर्ष नेव्हिन्सन यांच्यासारखाच होता. परंतु ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या आग्रहामुळे तो ताबडतोब प्रसिद्ध झाला नाही. ट्रान्सव्हालच्या सोन्याच्या खाणींना पोर्तुगीज मोझँबीकमधून मजूर हवे असल्याने पोर्तुगालला दुखविणे त्या खात्यास सोयीचे नव्हते. या सर्व काळात कॅडबरींची खरेदी चालूच होती.

२६ सप्टेंबर १९०८ रोजी लंडनच्या स्टँडर्ड या काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या बाजूच्या वृत्तपत्राने अग्रलेखातून बोर्नव्हिलची कामगारदक्षता आणि साओ टोमेतील दास्य यांची उपरोधाने तुलना केली. त्यात राजकीय वैराचा भाग होता. जॉर्ज कॅडबरी यांच्या मालकीच्या डेली न्यूज या लिबरल पत्राने द. आफ्रिकेतील चिनी मजुरांच्या ‘गुलामगिरी’वरून काँझर्व्हेटिव्ह पक्षाला धारेवर धरले होते. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. दाव्याची सुनावणी होण्यापूर्वी विल्यम कॅडबरी स्वतः आफ्रिकेस जाऊन आले आणि मार्च १९०९ मध्ये या कंपन्यांनी साओ टोमेच्या कोकोवर बहिष्कार जाहीर केला. नोव्हेंबर–डिसेंबर १९०९ मध्ये बर्मिंगहॅम येथे खटला चालला. स्टँडर्डचे वकील एडवर्ड कार्सन (१८५४–१९३५) यांनी उलटतपासणीत एकाच मुद्द्यावर भर दिला : कंपनीला १९०१ मध्ये माहीत होते, मग १९०९ पर्यंत तिने माल का घेतला? ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला. पण भरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. बदनामी झाली, हे ज्यूरीने मान्य केले. त्या अब्रूचे मोल मात्र तिने एवढेच ठरविले.

कॅडबरींचा बचाव अगदीच पोकळ नव्हता. मोठा खरेदीदार राहूनच मळेवाल्यांवर दबाव आणता येतो, खरेदी थांबताच तो संपतो, असे त्यांचे म्हणणे होते. या युक्तिवादाला आजही उत्तर द्यावे लागते. परंतु दबाव आणावयाचा, तर त्यास मुदत हवी. ती आठ वर्षांत घातली गेली नाही. शिवाय कंपनीने १९०७ च्या सुमारास गोल्ड कोस्ट (सध्याचा घाना) येथे कोकोचा पर्यायी पुरवठा शोधण्यास आरंभ केला होता. बहिष्कार जाहीर झाला तो हा पर्याय दृष्टिपथात आल्यानंतर. अर्थात लबाडीपेक्षा संकोच, सरकारी सल्ल्यावरील भरवसा आणि धंद्याची गरज यांनीच हा विलंब घडविला, असे उपलब्ध पत्रव्यवहारावरून दिसते.

बहिष्कारानंतर साओ टोमेचा कोको इतर खरेदीदारांनी घेतला. तरीही गवगव्याचा परिणाम झाला. १९१० च्या क्रांतीनंतर पोर्तुगीज प्रजासत्ताकाच्या काळात मजुरांना परत पाठविण्याचे प्रमाण वाढले. गोल्ड कोस्टमधील कोको मुख्यत्वे आफ्रिकी शेतकरी स्वतःच्या जमिनीत पिकवीत. तो प्रदेश लवकरच जगातील सर्वांत मोठा कोको-उत्पादक बनला.

पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० मध्ये सक्तीच्या मजुरीविरुद्ध करार संमत केला. भारतात वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ मध्ये झाला. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी वेतनावर काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच होय, असे ठरविले. मजूर ठेकेदाराचे आहेत, या सबबीवर काम देणाऱ्या शासकीय संस्थांना जबाबदारी टाळता येणार नाही, असेही स्पष्ट केले. चॉकोलेट उद्योगात हा प्रश्न पुन्हा उद्‌भवला तो घाना व कोत दीव्हार येथील मळ्यांवरील मुलांच्या श्रमांवरून. २००१ मध्ये अमेरिकेत उद्योगसंस्थांनी हार्किन–एंगल करारनाम्यावर सह्या केल्या. परंतु त्यात ठरविलेली २००५ ची मुदत पाळली गेली नाही व ती पुन्हापुन्हा वाढवावी लागली. स्वेच्छेच्या वचनांची ही मर्यादा दिसल्यावर कायदे आले. फ्रान्सच्या २०१७ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडील धोके शोधून त्यांचे निवारण करण्याची योजना आखण्याचे बंधन घातले. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी अधिनियमाचे स्वरूप मात्र सौम्य आहे. ज्या कंपन्यांची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लक्ष पौंड वा अधिक आहे, त्यांनी आपल्या कारभारात व पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून काय उपाय केले, याचे संचालक मंडळाने मान्य केलेले निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावयाचे असते. कोणतेही उपाय केले नाहीत, एवढेच निवेदन केले तरीही या कलमाचे पालन होते.