हौदा, पलटण आणि कॉलेज

बेळगाव-निपाणी पट्ट्यात तरुणांच्या व्यायामाला पोटापाण्याची जोड फार जुनी आहे. कॉलेज इथे उशिरा आले. त्याआधी गावात तालीम होती आणि बेळगावच्या कॅम्पात पलटण होती. आज या भागातला बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा मुलगा पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावताना दिसतो, तेव्हा तो या दोन्हींचा वारसा चालवत असतो.

तालीम म्हणजे एक ठेंगणी, कोंदट खोली. उजेड मुद्दामच कमी. मध्ये हौदा, त्यात चाळलेली तांबडी माती. मातीत ताक, तेल, लिंबू, हळद, काव असे काय काय मुरवलेले असते. माती मऊ राहावी, अंगाला खरचटले तर चिघळू नये, हा त्यामागचा हिशेब. कोनाड्यात शेंदरी मारुती, भिंतीला टेकवलेली जोडी आणि करेल. पहाटे जोर-बैठका, मग लढती, संध्याकाळी पुन्हा मेहनत. वस्तादाचा शब्द शेवटचा. फी नावाला, पण खुराक घरच्यांच्या जिवावर: दूध, तूप, बदामाची थंडाई. एक पैलवान पोसायचा म्हणजे घरातली एक म्हैस त्याच्या नावावर लागली, असे खेड्यात म्हणत ते उगीच नाही.

या मेहनतीचा मोबदला जत्रेत मिळे. शेते मोकळी झाली की गावोगावच्या जत्रांतून मैदाने भरत. नारळावरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होई, हलगी वाजे, जोड लागत आणि शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती. चितपट करणाऱ्याला फेटा, रोख रक्कम आणि पंचक्रोशीत नाव. या नावाचा उपयोग पुढे सोयरिकीपासून नोकरीपर्यंत सगळीकडे होई. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, तेव्हा आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या अलीकडच्या मल्लांसाठी कोल्हापूर हीच पंढरी झाली. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे (1934–2020) त्याच वाटेने गेले. शाहूपुरी तालमीत घडलेल्या या मल्लाने 1959 मध्ये दिल्लीत बंता सिंगवर मात करून हिंदकेसरीची गदा आणली. महाराष्ट्राला मिळालेला पहिला हिंदकेसरी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांचे जन्मगाव मात्र तेव्हा मैसूर राज्यात होते. मातीला राज्यपुनर्रचनेचा नकाशा ठाऊक नसतो.

पलटणीची कहाणी वेगळी. 1818 मध्ये जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि त्यानंतर शहरालगत इंग्रजांची छावणी वसली. निपाणीकर देसायांसारख्या सरदारांच्या पदरी असलेल्या शिबंदीचे दिवस सरले. ज्या घरांत तलवार हाच व्यवसाय होता, तिथल्या तरुणांना आता सरकारी पलटण उरली. मराठा पलटणींपैकी सर्वांत जुनी, ‘जंगी पलटण’, 1768 ची, आणि ‘काळी पाचवी’ तिच्या पुढच्या वर्षाची. पण बेळगावचे नाव मराठा रेजिमेंटशी कायमचे जोडले गेले ते 1922 मध्ये. त्या वर्षी भारतीय सैन्याची फेररचना होऊन 114 वी मराठा पलटण ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दहावी, म्हणजे प्रशिक्षण देणारी, बटालियन ठरली आणि तिचा मुक्काम बेळगावात पडला. याच 114 व्या पलटणीने 1918 मध्ये मेसोपोटेमियात शरकतच्या लढाईत नाव कमावले होते. रेजिमेंटच्या बेळगावातल्या प्रशिक्षण केंद्राच्या, म्हणजे मराठा सेंटरच्या, परेड मैदानाला आजही शरकतचेच नाव आहे.

पलटणीने तालमीतल्या शरीराला एक नवी गोष्ट दिली, ती म्हणजे मोजमाप. वस्ताद पोराचे अंग हाताने चाचपून सांगायचा. भरतीचा डॉक्टर फीत लावू लागला. उंची, वजन, छाती, फुगवलेली छाती, गुडघ्याला गुडघा लागतो का, तळवा सपाट आहे का. ‘मेडिकलात बाद’ हा शब्दप्रयोग इथल्या बोलीत रुळला तो याच वाटेने. दर महिन्याला पगार, निवृत्तिवेतन आणि घरी येणारी मनीऑर्डर यांमुळे जत्रेतल्या इनामापेक्षा हा मोबदला भरवशाचा ठरला. दोन महायुद्धांत पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि या सीमाभागातून भरती वाढत गेली. मराठा रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना 1944 च्या आणि नामदेव जाधव यांना 1945 च्या इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या शिरोळ तालुक्यात टाकळी नावाच्या गावाला तर घरोघरच्या सैनिकांमुळे ‘सैनिक टाकळी’ असेच नाव पडले.

व्यायामाकडे पाहण्याची तिसरी नजर स्वातंत्र्यलढ्याने आणली. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्याची धुरा वाहिली. पाण्यासाठी तेव्हा खणलेली विहीर अजून ‘काँग्रेस विहीर’ म्हणून दाखवतात. हजारो लोकांची व्यवस्था राखण्याचे काम डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या हिंदुस्थानी सेवा दलाच्या स्वयंसेवकांनी केले. वर्षभरापूर्वीच काकीनाड्याला स्थापन झालेल्या या दलात कवायत, लाठी आणि शिस्त यांना देशसेवेचा भाग मानले जाई. अंग कमवायचे ते कुस्ती मारण्यासाठी किंवा पगारासाठीच, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापुढे आणखी एक कारण उभे राहिले. पुढे 1938 मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. मुंबई इलाख्यातल्या शाळांत प्रशिक्षित व्यायामशिक्षक दिसू लागले ते त्यानंतर. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता.

कॉलेजे या सगळ्यानंतरची. केएलई संस्था 1916 ची असली तरी तिचे लिंगराज कॉलेज 1933 मध्ये सुरू झाले. त्याआधी पदवीसाठी बेळगावच्या मुलाला धारवाड, सांगली, कोल्हापूर किंवा पुणे गाठावे लागे. 1940 च्या दशकात दक्षिण कोकण शिक्षण संस्थेचे राणी पार्वतीदेवी कॉलेज निघाले. 1945 मध्ये कॅम्पात किंग जॉर्ज यांच्या नावाने सैनिकी शाळाही आली. आजचे राष्ट्रीय मिलिटरी स्कूल ते हेच. शहरात एकीकडे वाङ्मय मंडळ आणि दुसरीकडे बिगुल, अशी ही जोडगोळी होती.

निपाणीची गोष्ट निराळी आणि जरा गमतीची आहे. तंबाखू आणि विडीच्या व्यापारावर वाढलेल्या या गावाला स्वतःचे कॉलेज हवे होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी मैसूर राज्यात गेली. गावातल्या तंबाखूच्या व्यापाऱ्यांत मोठे नाव असलेल्या देवचंद शहा यांच्या नावाचे कॉलेज 1960 मध्ये उभे राहिले, ते गावाला खेटूनच, पण हद्दीच्या पलीकडे, कागल तालुक्यातल्या अर्जुननगरात. म्हणजे घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात. निपाणीचा विद्यार्थी चालत परराज्यात शिकायला जातो आणि दुपारी जेवायला स्वराज्यात परततो. 1962 मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि हे कॉलेज त्याच्याशी जोडले गेले. बेळगावची कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे राहिली. 2010 मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ आल्यावर ती तिकडे गेली. एकाच पट्ट्यात दोन विद्यापीठे, दोन वेळापत्रके, दोन क्रीडा महोत्सव.

कॉलेजात व्यायाम अधिकृतपणे शिरला तो एनसीसीच्या खाकी गणवेशात. 1948 मध्ये ही संघटना कायद्याने स्थापन झाली, पुढच्या वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. चीन युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजच्या मुलांना ती सक्तीची केली गेली आणि 1968 मध्ये सक्ती उठली. या पाच वर्षांतून बरेच शिकण्यासारखे आहे. गणवेश अपुरे, प्रशिक्षक अपुरे आणि परेडला उभा असलेला अर्धा वर्ग मनाने कँटीनमध्ये, असा प्रकार देशभर झाला. 1969 मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली, तेव्हा अनेकांनी बंदुकीऐवजी फावडे पत्करले. सक्ती गेल्यावर जे एनसीसीत उरले ते स्वखुशीने उरले. ‘सी’ प्रमाणपत्राला लष्कराच्या भरतीत वजन होते, अधिकारी होण्याची एक वाटही त्यातून निघत होती. बेळगावसारख्या छावणीच्या गावात या कागदाची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सक्ती आणि स्वखुशीतल्या या फरकाचा उलगडा करणारा प्रेरणेचा एक सिद्धांत एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात मांडला. विद्यार्थ्यांच्या व्यायामावरचे आजचे बरेच संशोधन त्याच्या आधाराने चालते. माणूस एखादी गोष्ट टिकवून करतो ती तीन गरजा भागल्या तर: आपण ती आपल्या मर्जीने करतो आहोत, आपल्याला ती जमते आहे आणि आपण कोणाच्या तरी सोबत आहोत. तालमीत तिन्ही गोष्टी होत्या. पोरगा स्वतःहून लंगोट लावी, महिन्याभरात त्याचे जोर वाढत आणि भोवती सवंगडी असत. सक्तीच्या परेडमध्ये पहिलीच गोष्ट नव्हती. शाळा सोडून कॉलेजात गेल्यावर तरुणांची हालचाल घटते, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत आढळते. सीमाभागातही ज्यांच्यापुढे भरती नाही त्यांची हीच गत आहे. ज्यांच्यापुढे आहे, ते मात्र ‘ग्राउंड मारायला’ जातात.

ग्राउंड मारणे हा आता जवळजवळ एक अभ्यासक्रम झाला आहे. भरती मेळाव्यात 1.6 किलोमीटर धावण्यासाठी साडेपाच मिनिटे हा अव्वल गट, त्याला 60 गुण. बीमवर दहा पुलअप काढले की 40. शिवाय नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करणे आणि नागमोडी पट्टीवर तोल सांभाळणे. छाती 77 सेंटिमीटर, फुगवून आणखी पाच. या आकड्यांभोवती भरतीपूर्व अकादम्या उभ्या राहिल्या. कित्येक निवृत्त जवान त्या चालवतात. म्हणजे वस्ताद परत आला, फक्त त्याच्या गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच आहे. तालमी ओस पडल्याची हळहळ वारंवार ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. हौद्यातली गर्दी कमी झाली, पण पहाटे उठण्याची सवय रस्त्यावर आली. मराठा सेंटरच्या बॉइज स्पोर्ट्‌स कंपनीत तर कुस्तीतली मुले लहान वयातच घेऊन त्यांना शाळा, आखाडा आणि पुढे सैन्यातली जागा असे सगळे एका छपराखाली दिले जाते.

सीमाभागात पलटणीची ओढ टिकण्यामागे भाषेचाही भाग आहे. कर्नाटक सरकारच्या नोकरीला कन्नड हवी. मराठीतून शिकलेल्या बेळगाव-खानापूरच्या मुलाला तिथे अडचण. सैन्यात मराठा रेजिमेंटला त्याची बोली चालते आणि गाव कुठल्या राज्यात आहे याची कोणी पंचाईत करत नाही. बाकी पर्याय म्हणजे उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, निपाणीतले विडीचे आणि तंबाखूचे काम, नाहीतर शेती. नॅकच्या मूल्यांकनानंतर कॉलेजाकॉलेजांत करिअर मार्गदर्शनाचे कक्ष उघडले. तिथल्या फलकावर बँक आणि स्पर्धा परीक्षांच्या जाहिराती असतात. भरतीची बातमी फलकावर यायच्या आधीच ग्राउंडवर पोचलेली असते.

या तयारीत एक पेच आहे. भरतीचे वय बरीच वर्षे साधारण साडेसतरा ते एकवीस राहिले. म्हणजे पदवी हातात पडते त्याच वर्षी संधी संपते. त्यामुळे कॉलेज हे अनेकांसाठी निवड होईपर्यंतचे ठिकाण असते. निवड झाली की पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षातून नाव काढायचे आणि पदवी पुढे मुक्त विद्यापीठातून करायची. निवड झाली नाही, तर चार वर्षे पायांना दिलेली असतात आणि पुस्तकांना थोडीच. कोविडच्या काळात मेळावे थांबले आणि दोन वर्षे पळणाऱ्यांचे वय निघून गेले. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, तेव्हा त्या वर्षापुरती कमाल मर्यादा 23 करण्यात आली. या योजनेत चार वर्षांच्या नोकरीनंतर चौघांतला एकच कायम राहणार, उरलेले तिघे पंचविशीच्या आसपास पुन्हा नोकरीच्या शोधात. 2023 पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग मैदान असा क्रम उलटला, आणि ‘आधी ग्राउंड काढू, अभ्यासाचे नंतर बघू’ हा जुना हिशेब चुकू लागला.

मुलींसाठी हे दार फार उशिरा उघडले. सैनिकी पोलिसांत जवान म्हणून महिलांची पहिली भरती निघाली, तेव्हा ऑगस्ट 2019 मध्ये बेळगावातही मेळावा झाला. त्या पहिल्या तुकडीतल्या 83 जणी 8 मे 2021 रोजी बंगळूरमध्ये दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. तालमीचा उंबरा ओलांडायची ज्यांना कधी मुभा नव्हती, त्यांनी तो टप्पा वगळून थेट मैदान गाठले.

अर्जुननगरच्या वर्गात मात्र जुना नकाशा अजून पाठ सोडत नाही. एकाच बाकावर बसणारे, पहाटे एकाच रस्त्यावर धावणारे दोन मित्र अर्ज भरायला बसले की वेगळे होतात. कागलकडचा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे जातो, निपाणीचा बेळगावच्या.