पीतपिंडाचे ऋण

गर्भपात झाला की त्याचा दोष स्त्रीच्या पदरात टाकण्याची रीत जुनी आहे. जड उचलले, जिन्यावरून धावपळ केली, कोणाची दृष्ट लागली. कारणांची वानवा कधीच नव्हती. घराण्यांच्या वंशावळींत ज्याची नोंद होत नाही, अशा या दुःखाचे एक कारण शरीरातच शोधण्याचा इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे. तो प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा इतिहास होय.

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर बीजांडकोशात जो पिवळसर गोळा उरतो, त्या पीतपिंडाचे वर्णन डच शरीरशास्त्रज्ञ रेनिये द ग्राफ यांनी १६७२ मध्ये केले. त्याचे कार्य मात्र पुढे दोन शतके कोणास उमगले नाही. तेव्हा जर्मनीत असलेल्या ब्रेस्लाउ नगरीतील गुस्टाव बॉर्न यांनी तर्क केला, की गर्भ रुजण्यास साह्य करणारा स्राव या पिंडातून पाझरत असावा. १९०० मध्ये ते निवर्तले. त्यांचा तर्क लुडविग फ्रेंकेल यांनी पडताळला आणि १९०३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: गाभण सशिणींचे पीतपिंड नष्ट करताच गर्भ टिकेनासे झाले. १९२९ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे जॉर्ज कॉर्नर व विलार्ड ॲलन यांनी याची दुसरी बाजू सिद्ध केली. बीजांडकोश काढलेल्या सशिणींना पीतपिंडाचा अर्क टोचून त्यांनी गर्भ टिकवून दाखविले.

१९३४ मध्ये चार ठिकाणच्या संशोधकांनी हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्यांत ब्रेस्लाउचे कार्ल स्लोट्टा हेही होते. परंतु नाझी राजवटीत ज्यूवंशीय फ्रेंकेल यांना मायभूमी सोडून उरुग्वे गाठावे लागले. स्लोट्टा ब्राझीलला गेले. ज्या नगरीत या विद्येचा पाया घातला गेला, तिथेच तिचे आचार्य परके ठरले.

आरंभी काही मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉनसाठी हजारो डुकरिणींचे बीजांडकोश लागत. १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतील रानकंदापासून ते बनविण्याची रीत शोधली, आणि हे महागडे औषध हळूहळू सामान्यांच्या आवाक्यात आले.

हे संप्रेरक गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी सज्ज करते. पहिले काही आठवडे ते पीतपिंडातून मिळते. पुढे वार ते काम हाती घेते. मग ते बाहेरून दिल्यास प्रत्येक गर्भ वाचेल काय? नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वारंवार व अकारण गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना त्याचा लाभ दिसला नाही. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत ४,००० हून अधिक स्त्रिया होत्या. पूर्वी गर्भपात झालेला आणि या खेपेस आरंभी रक्तस्राव होणारा, अशा स्त्रियांना काहीसा लाभ आढळला. २०२१ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत त्यास स्थान मिळाले.

आरंभीचे बरेचसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषाने होतात. तेथे औषधाचा इलाज चालत नाही, आणि मातेचा अपराधही नसतो. या शास्त्राने वाचविलेले गर्भ मोजता येतील. स्त्रीच्या माथ्यावरून उतरविलेला दोष त्याहून मोठा, असे आम्हांस वाटते.