'रॉक' नावाचं बटण

आपल्याकडे कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, लोक त्याला 'कॅसिओ'च म्हणतात. 'यामाहाचा कॅसिओ' असंही बिनदिक्कत म्हणतात. गंमत म्हणजे कॅसिओ ही मुळात कॅल्क्युलेटरवाली कंपनी. ती काढणाऱ्या चार काशिओ भावांपैकी तोशिओंना वाद्य बनवायचं वेड होतं. जानेवारी १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ बाजारात आला : ४९ पट्ट्या, २९ वाद्यांचे आवाज.

पण घरोघरी कीबोर्ड खपला तो आवाजांपेक्षा आयत्या साथीमुळे. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, ताल आणि बेस यंत्र सांभाळतं. आठवड्याभरात पोरगं पाहुण्यांसमोर वाजवायला तयार!

ही आयती साथ कुणीतरी बसून रचलेली असते. १९८१ च्या कॅसिओ एमटी-४० मधला 'रॉक' हा ठेका हिरोको ओकुदा यांनी केला. संगीत महाविद्यालयात रेगेवर प्रबंध लिहून त्या नुकत्याच कंपनीत लागल्या होत्या. हा छोटासा कीबोर्ड जमैकात नोएल डेव्ही नावाच्या तरुणाकडे पोचला. त्याला आणि गायक वेन स्मिथला तो ठेका सापडला. निर्माता किंग जॅमीने त्याची लय संथ केली आणि १९८५ मध्ये 'अंडर मी स्लेंग टेंग' आलं. ड्रमर नाही, बेस गिटारवाला नाही. त्याच ठेक्यावर पुढे शेकडो गाणी झाली आणि जमैकाचं संगीत झपाट्याने डिजिटल झालं. आम्ही कोडवाले ज्याला 'डिफॉल्ट सेटिंग' म्हणतो, ते इतकं दूरवर गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

त्या गाण्याने स्टुडिओतल्या वादकांच्या पोटावर पाय आणला, हेही खरंच. आता तीच वेळ कीबोर्डवर आली आहे. २०११ मध्ये ॲपलचं गॅरेजबँड आयपॅडवर आलं, मग फोनवर. आवाज, ताल, रेकॉर्डिंग, सगळं खिशात. ज्या आयत्या साथीसाठी लोक हे खोकं विकत घेत, तिचे वेगळे पैसे कोण मोजणार?

कीबोर्डकडे स्वतःचं म्हणावं असं उरतं ते पट्ट्यांचं. काचेवर बोट किती जोरात पडलं हे नीट कळत नाही, आणि न बघता 'सा' सापडत नाही. माझ्या मते एवढ्यावर वाद्य टिकेल, पण उद्योग टिकेल याची खात्री नाही. कारण पट्ट्या दहा-पंधरा वर्षं सहज चालतात, आणि कंपनीला दरवर्षी नवं मॉडेल खपवायचं असतं.

२०१९ मध्ये कॅसिओने 'कॅसिओटोन' हे जुनं नाव पुन्हा बाहेर काढलं. हातात धरून न्यायला मूठ, आणि शिकण्यासाठी फोनवरचं ॲप! म्हणजे ज्याची धास्ती, त्याच्याशीच सोयरीक. त्याच वर्षी यामाहाने चेन्नईजवळच्या नव्या कारखान्यात कीबोर्ड बनवायला सुरुवात केली. भारतासाठीच्या त्यांच्या मॉडेलांत तबला आणि तानपुराही असतो. पोराच्या हातातला फोन काढून समोर काहीतरी ठेवायला बघणारे आईबाप आपल्याकडे अजून भरपूर आहेत.